सहाव्या टाकीतली वाळू

१

मत्स्यालयाच्या मागच्या अंगाला, मोठ्या पंपांच्या पलीकडे, एक लांबट खोली होती. दारावरच्या पाटीवर ‘विलगीकरण कक्ष’ असं लिहिलं होतं, पण तिथं काम करणाऱ्या एकानेही तो शब्द कधी तोंडातून काढला नसेल. सगळे तिला तीस दिवसांची खोली म्हणत. बाहेरून आलेला प्रत्येक मासा आधी तीस दिवस इथं एकटा राही. अंगात काही रोग असलाच तर इथेच कळावा, पुढच्या मोठ्या टाकीतल्या शेकडो माशांना लागू नये, एवढंच या खोलीचं काम.

खोलीचा कारभार मीठबाईकडे होता. रोज सकाळी पिंपात मीठ कालवून समुद्राचं पाणी तयार करणारी, म्हणून मीठबाई. नाव कुणीतरी थट्टेत ठेवलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. आता साहेबसुद्धा तिला तीच हाक मारत. बाई पन्नाशीला टेकलेली, बोलायला मोजकी आणि कामाला वाघ.

भिंतीलगत काचेच्या सहा टाक्या. प्रत्येकीची जाळी वेगळी, बादली वेगळी, पुसायचं फडकंसुद्धा वेगळं. एकीत घातलेला हात कोपरापर्यंत धुतल्याशिवाय दुसरीत घालायचा नाही. खाणं घालताना हवेचे पंप पाच मिनिटं बंद करायचे, म्हणजे दाणे भलतीकडे वाहून जात नाहीत. पहिलीपासून सुरुवात करायची आणि सहावी शेवटी.

सहावी रिकामी होती. वर्षभर रिकामीच होती. तरी तीतही ती रोज चिमूटभर खाणं टाकी. नवख्या माणसाला यात वेडेपणा वाटावा, पण ती या धंद्यातली रीतच आहे. टाकीच्या गाळणीत डोळ्यांना न दिसणारे जीव असतात, तेच पाणी शुद्ध ठेवतात. मासा नसला की त्यांची उपासमार होते आणि टाकी मरते. म्हणून कुणी नसतानाही चिमूट टाकायची, ती कुजते, त्यावर ते जगतात. न खाल्लेले दाणे तळाशी बसत, दुसऱ्या दिवशी त्यांवर पांढरी बुरशी धरे, आणि मीठबाई ती नळीने ओढून घेई.

त्या मंगळवारी सहावीचा तळ लख्ख होता.

‘काल टाकायची विसरले वाटतं,’ ती स्वतःशी म्हणाली. विसरण्यासारखं वय झालंच होतं. बुधवारी तिने मुद्दाम दहा दाणे मोजून टाकले आणि हातावर पेनाने दहाचा आकडा लिहून ठेवला. गुरुवारी सकाळी आकडा हातावर होता, दाणे नव्हते. तिने काचेला नाक लावून कोपरान् कोपरा बघितला. गाळणी, दोन नळ्या, पाणी. बाकी काही नाही. एखादी गोगलगाय शिरली असेल, असं म्हणून तिने तो विषय तिथेच सोडला.

२

शुक्रवारी पहिल्या टाकीतल्या पिवळ्याच्या शेपटीला खाच दिसली.

पिवळा हा ताटलीएवढा चपटा मासा, आल्यापासून मस्तवाल. दिवसभर टाकीत फेऱ्या मारायचा आणि बाई दिसली की खाण्यासाठी पुढे यायचा. त्या दिवशी तो कोपऱ्यात डोकं खाली घालून उभा होता. शेपटीची कड वरून खाली कुरतडलेली. दुपारपर्यंत पाठीवरचा पर गेला. संध्याकाळी छातीचे दोन्ही पर नुसत्या काड्यांवर आले, कागद फाटलेल्या पंख्यासारखे.

शनिवारी सकाळी डॉक्टर आले. माशांचे डॉक्टर तरुण होते, बोलके होते आणि जरा जास्तच हुशार होते. त्यांनी पिवळ्याच्या अंगावरचा चिकटा काचपट्टीवर घेतला, मायक्रोस्कोपखाली धरला आणि पट्टी पुन्हा पुन्हा सरकवून बघितली.

“काय आहे?” मीठबाईने विचारलं.

“काहीच नाही, तीच तर पंचाईत आहे. जंतू नाही, बुरशी नाही, किडा नाही. सडलेला पर असा दिसत नाही. हा कुणीतरी खाल्लाय.”

“एकटाच आहे हो तो टाकीत.”

“मग करा पोलिसांत तक्रार,” डॉक्टर हसले, पण बाई हसली नाही तसे गंभीर झाले. “पाणी तपासा. वायरींमधून वीज झिरपतेय का बघा. तांब्याचं औषध चुकून जास्त पडलं नाही ना?”

तिने सगळं तपासलं. मिठाचं प्रमाण बरोबर, वीज कुठेही झिरपत नव्हती, औषधाची बाटली महिनाभर उघडलीही नव्हती. रविवारी पिवळा मेला. सोमवारी दुसऱ्या टाकीतल्या नारिंगीच्या शेपटीला खाच दिसली.

एका टाकीचं पाणी दुसरीला लागत नव्हतं. जाळी लागत नव्हती, हात लागत नव्हता. तरी दुखणं पहिलीतून दुसरीत आलं. नारिंगीची आधी शेपूट गेली, मग पाठीचा पर, मग छातीचे. हा क्रम तिने आधी कुठेतरी पाहिला होता. कुठे, ते तिला चांगलं ठाऊक होतं, पण ते मनात आणायची तिची तयारी नव्हती.

३

ते असं झालं होतं.

आदल्या वर्षी खोलीत दोघं काम करत: मीठबाई आणि तिचे मामा. मामांनीच तिला इथं आणलं, मामांनीच तिला पाण्याची चव जिभेने ओळखायला शिकवलं. नवीन दालन उघडायचं होतं आणि त्यासाठी दूरच्या समुद्रातून एक दुर्मिळ मासा आला होता. बोटाएवढा, हिरवट, आणि भलताच लाजरा. या जातीचे मासे वाळूत शिरून झोपतात, म्हणून सहावीत वाळूने भरलेलं एक काचेचं भांडं ठेवलं होतं. आल्या आल्या त्याने वाळूत बुडी मारली ती मारलीच.

“पंधरा दिवससुद्धा दिसणार नाही तो,” मामा म्हणाले होते. “घाबरलाय. तू आपली चिमूट टाकत जा.”

नवव्या दिवशी साहेबांचा निरोप आला: दुसरे मासे वाटेत आहेत, सहावी लागेल. मासा नऊ दिवस दिसला नव्हता. मेला असेल, असं मीठबाईने धरलं. टाकी ब्लीचने धुवायची, पण त्याआधी वाळू हाताने चाचपायची, हा नियम. मामा तर त्याबाबत फारच काटेकोर. बोटं पसरून कडेपासून मध्यापर्यंत गोल गोल हात फिरवत. नंतर वाळूवर पाच चऱ्या उमटलेल्या असत. त्या दिवशी मामा मोठ्या टाकीवर होते. मीठबाईला घाई होती. तिने वाळू चाचपली नाही.

वहीत प्रत्येक कामाला दोन सह्या लागत, एक करणाऱ्याची आणि एक तपासणाऱ्याची. मामांचे हात सदा ओले. “माझी पण तूच ठोक गं,” म्हणायचे, आणि वर्षानुवर्षं तीच दोन्ही सह्या करी. त्या दिवशीही तिने केल्या. ‘वाळू तपासली.’ दोन सह्या. मग ब्लीच ओतलं.

दुपारी भांडं उलटं केलं तेव्हा तो वाळूतून बाहेर आला. जिवंत होता. शेपूट नव्हती, पर नव्हते, होत्या त्या काड्या. तोंड उघडत होता आणि मिटत होता. मिनिटभर.

साहेबांनी वही मागवली. “मामा, वाळू तुम्ही तपासलीत?”

मामांनी वहीतली सही बघितली. मग मान वर करून भाचीकडे बघितलं. रागाने नव्हे, नुसतं बघितलं. भाची भांडं पुसत होती. पुसून झालेलं भांडं तिने पुन्हा पुसायला घेतलं.

“सही माझीच आहे,” मामा म्हणाले.

निवृत्तीला आठ महिने उरले होते. आठवड्याच्या आत त्यांना घरी बसवलं. “माझ्या भावाच्या हातून असं कसं झालं गं?” आई विचारत राही, आणि मीठबाई म्हणे, “कामाचा ताण होता.” त्यानंतर ती मामांकडे एकदाही गेली नाही. कुठल्या तोंडाने जाणार? सहावीत मासा ठेवू द्यायची वेळ आली की काही ना काही सबब सांगायची आणि रोज चिमूट टाकायची, एवढंच तिला करता आलं.

४

नारिंगी गेला. तिसरीतला फुगणारा मासा, ज्याला सगळे फुग्या म्हणत, तो चार दिवस टिकला. चौथीतली निळी आता टाकीच्या तळाशी आडवी पडून होती. दाणे मात्र सहावीतले रोज संपत होते.

डॉक्टरांची थट्टा बंद झाली होती. नमुने बाहेर पाठवले, तिकडूनही ‘रोगाची खूण नाही’ असंच उत्तर आलं.

“बाई, खरं सांगू का, माझी अक्कल चालत नाही. पाचवीतल्याला सांभाळा.”

पाचवीत एक दुरंगी मासा होता. पुढून जांभळा, मागून पिवळा, अंगठ्याएवढा. तो अजून धडधाकट होता, पण दोन दिवसांपासून एकाच जागी उभा होता. डावीकडच्या काचेला चिकटून. त्या काचेपलीकडे सहावी होती.

मीठबाई सारासार विचार करणारी बाई. तिने सहावीची गाळणी खोलली, स्पंज पिळला, नळ्यांत फुंकर मारली. गोगलगाय नाही, अळी नाही. फक्त नळीच्या तोंडाशी काहीतरी खरखरीत लागलं. तिने ते तळहातावर घेतलं. वाळूचे सात-आठ कण होते.

वर्षभर या टाकीत वाळू नव्हती. भांडं कपाटात होतं, वाळू तिने स्वतः फेकली होती. कुठेतरी अडकले असतील तेव्हाचे, ती म्हणाली. मोठ्याने म्हणाली, कारण खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

दुसऱ्या सकाळी खाण्याची वेळ झाली. तिने पंप बंद केले. पाच मिनिटांची शांतता तिला एरवी फार आवडे. सगळा दिवस त्या खोलीत घुंगघुंग चाललेली, आणि मग एकदम कान मोकळे. त्या दिवशी त्या शांततेत तिला आवाज आला. बारीक. काचेवर कुणीतरी मूठभर वाळू हळूहळू सारावी तसा. थांबायचा, पुन्हा यायचा. तळाच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात.

काहीतरी जागा शोधत होतं.

तिने घाईने पंप सुरू केले. हात धुवायचे राहिले, ते तिच्या बाहेर पडल्यावर लक्षात आलं. नोकरीत असं पहिल्यांदाच घडलं होतं.

५

त्या दुपारी ती मामांकडे गेली. दार मामीने उघडलं.

“वाट चुकलीस का?” मामी म्हणाली, पण बाजूला झाली. “आत आहेत. फार बोलायला लावू नकोस, दम लागतो.”

मामा खिडकीशी खुर्चीत बसले होते. वर्षभरात माणूस निम्मा झाला होता. पाय सुजलेले, हात मात्र तेच, मोठे आणि मिठाने भेगाळलेले. तिला बघून त्यांना आनंद झाला, आणि तो आनंद बघून तिला रडू कोसळलं.

“मामा, वाळू तुम्ही तपासली नव्हती. मी पण नव्हती तपासली. सही मी केली.”

“माहीत आहे की.”

“मग बोलला का नाहीत?”

“तू बोलशील म्हणून थांबलो.” मामांनी श्वास घेतला. “तिथं मिनिटभर थांबलो. मग म्हटलं, घरी येईल, घरी बोलेल. वर्ष गेलं बघ.”

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज चालला होता. मामांनी तिकडे बघून आवाज खाली आणला.

“तुझ्या मामीला मी काही सांगितलं नाही. तिला वाटतं, माझाच हात घसरला. चाळीस वर्षांत नाही घसरला आणि शेवटी घसरला, हे तिला फार लागलंय. वहीत एकदा नीट लिही आणि तिला दाखव. घाई नाही.”

“उद्याच साहेबांना सांगते, मामा.”

मग तिने त्यांना परांचं सगळं सांगितलं. पहिली, दुसरी, तिसरी, चौथी. आधी शेपूट, मग पाठ, मग छाती. मामांनी एकदाही मध्ये तोडलं नाही. खोलीत असताना ऐकायचे तसंच ऐकलं, मान जराशी तिरकी करून.

“सहावीत चिमूट टाकतेस ना?”

“रोज.”

“आणि वाळू?”

“वाळू कशाला? टाकी रिकामी आहे मामा.”

मामांनी तिच्याकडे बघितलं. आजारी माणूस भ्रमात बोलतो तसं काही त्या नजरेत नव्हतं. कामात कुचराई झाली की बघायचे, तसे बघत होते.

“अगं, मग तो झोपणार कुठे?”

६

कपाटातलं भांडं तिने काढलं. नवी वाळू सात पाण्यांनी धुतली, भांड्यात भरली, वरून हाताने सपाट केली आणि सहावीत ठेवली. आपण एका म्हाताऱ्या माणसाच्या समाधानासाठी हे करतोय, असं तिने मनाशी ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी वाळूवर मधोमध एक खळगा होता, बोट खुपसल्याएवढा. पंप बंद केल्यावर खोलीत अगदी शांत होतं. पाचवीतला दुरंगी काचेपासून सुटून पोहत होता. निळी चार दिवसांनी उठली. तिच्या काड्यांच्या टोकांना पारदर्शक कड आली, नवा पर येतो तसा. डॉक्टरांनी त्याचं श्रेय पाण्याला दिलं. मीठबाईचा जीव भांड्यात पडला.

आणि जीव भांड्यात पडला की माणूस सुस्तावतो. ‘उद्या सांगते’ म्हणाली होती, त्या उद्याला साहेब बैठकीत होते. परवा तिचंच डोकं दुखत होतं. मग मासे बरे होत होते, तेव्हा त्यात विघ्न कशाला. घाई नाही, असं खुद्द मामाच म्हणाले होते ना? तो शब्द तिने तीन आठवडे वापरला. वापरताना दर वेळी लाज वाटली, तरी वापरला.

मग एका सकाळी साहेब दारात उभे राहिले.

“मीठबाई, सोमवारी नवे मासे येताहेत. आता सबब नको. सहावी रिकामी करा, धुवून घ्या, वहीत नोंद करा.”

ते गेल्यावर तिने पंप बंद केले. बाही कोपरावर सारली, हात धुतला आणि सहावीत घातला. वाळू चाचपायची, हा नियम. बोटं पसरून तिने कडेपासून सुरुवात केली. वाळू वरून गार होती. दोन बोटं खाली गार नव्हती.

मध्याजवळ तिच्या बोटांना काहीतरी लागलं. मऊ. ते पळालं नाही, चावलं नाही. थोडंसं बाजूला सरकलं, झोपेतल्या माणसाने शेजारच्याला जागा करून द्यावी तसं. खळग्यातून तेवढ्यात एक तोंड दिसलं, उघडलेलं आणि मिटलेलं. त्यात तक्रार नव्हती. तक्रार असती तर तिला सोसलं असतं.

तिने हात हळूच बाहेर काढला. ओल्या हातानेच पेन घेतलं आणि वहीत लिहिलं: ‘वाळू तपासली. टाकी रिकामी नाही.’ पहिल्या रकान्यात सही केली. दुसरा रकाना तसाच ठेवला. वही घेऊन ती साहेबांच्या खोलीत गेली आणि वर्षापूर्वीचं पान उघडून त्यांच्यापुढे ठेवलं.

“यातल्या दोन्ही सह्या माझ्या आहेत.”

साहेब बराच वेळ बोलले. तिला नोकरीवरून कमी करायचं की नाही, ते वरिष्ठ ठरवणार होते. पण मामांच्या नावावरचा ठपका पुसल्याचं पत्र त्यांनी तिच्यासमोर लिहिलं, हे त्यांचं मोठेपण. पत्र आणि वही काखेत मारून ती धावतच निघाली. या वेळी दुसऱ्या रकान्यात मामांची सही मामांनीच करायची, असं तिने ठरवलं होतं.

दार उघडंच होतं. बाहेर चपला फार होत्या.

मामी आत भिंतीला टेकून बसली होती. तिने पत्र वाचलं, वहीतलं पान वाचलं, पुन्हा पत्र वाचलं. मग दोन्ही मिटून भाचीच्या मांडीवर ठेवलं.

“सकाळी गेले,” ती म्हणाली. “झोपेतच. काल रात्रीपर्यंत विचारत होते, ती आली का म्हणून. आता हे कुणाला दाखवतेस?”

एक दिवस आधी आली असती तर त्यांच्या हातात देता आलं असतं. वीस दिवस तिच्या हातात होते.

दुसऱ्या दिवशी ती वेळेवर कामावर गेली, कारण माशांना सुट्टी नसते. पहिलीपासून सुरुवात केली. पंप बंद केले. सहावीशी आली तेव्हा कालचे दाणे तळाशी तसेच पडलेले होते, पांढरी बुरशी धरलेले. एकही खाल्लेला नव्हता.

भांड्यातला खळगा नाहीसा झाला होता. वाळूवर पाच चऱ्या होत्या. कडेपासून मध्यापर्यंत, गोल गोल, एकसारख्या. तिने आपला हात काचेवरून त्यांच्यासमोर धरून बघितला. तिच्या बोटांपेक्षा त्या रुंद होत्या.

तिने परत आणलेली वही टेबलावर उघडी होती. तपासणाऱ्याचा रकाना कोरा होता. वाळू या वेळी खरोखरच तपासली गेली होती, आणि ही सही करायची म्हटली असती तर ती खोटी नसती. पेन हातात घेऊन ती उभी राहिली. मग तिने पेन खाली ठेवलं, रकाना कोराच राहू दिला आणि सहावीत रोजच्यासारखी चिमूट टाकली.